मॅन्युअल जीयूआय टेस्टचा कोड रिव्ह्यू करताना

मॅन्युअल जीयूआय टेस्टचा, म्हणजे माणसाने स्क्रीनवरची विंडो पाहून पास-फेल ठरवायच्या टेस्टचा, कोड रिव्ह्यूला आला की आधी टेस्टरला दिसणाऱ्या सूचना वाचा, कोड नंतर. ‘विंडो नीट दिसते का पाहा’ ही सूचनाच नव्हे. कोणतं बटण दाबायचं, मग नेमकं काय दिसलं म्हणजे पास आणि काय दिसलं म्हणजे फेल, हे तिथेच हवं. बग दुरुस्त होण्याआधीच्या बिल्डवर (प्रोग्रॅमच्या आवृत्तीवर) टेस्ट स्वतः चालवा. तिथेही सूचना पाळून ‘पास’ दाबता येत असेल, तर ती परत पाठवा.

कोडमध्ये सर्वात जास्त वेळ थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना, द्या. जावा स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या विंडो बनवायच्या लायब्ररीत, फ्रेम आणि बटणं इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर (क्लिकसारख्या घटना हाताळणाऱ्या थ्रेडवर) तयार व्हायला हवीत. निकालाची वाट मुख्य थ्रेडने पाहायची. ते थांबणंच चुकून इव्हेंट थ्रेडवर गेलं तर विंडो गोठते आणि बिचाऱ्या टेस्टरला काहीच दाबता येत नाही. काउंटडाउनलॅचचा (थ्रेडला थांबवून ठेवणाऱ्या जावा क्लासचा) ‘अवेट’ कालमर्यादा देऊन वापरला असेल, तर वेळ संपल्यावर तो एक्सेप्शन (एरर) फेकत नाही, नुसता ‘फॉल्स’ देतो. ते कुणी तपासलं नाही, तर एकही बटण न दाबता टेस्ट पास होऊ शकते! विंडो फुलीवर क्लिक करून बंद केली तर काय होतं, तेही बघा.

ओपनजेडीकेत, म्हणजे जावाच्या ओपन सोर्स प्रकल्पात, यासाठी ‘पासफेलजेफ्रेम’ हा सूचना आणि पास-फेल बटणं दाखवणारा तयार क्लास आहे. तो असताना कुणी स्वतःची चौकट नव्याने लिहिली, तर मी तरी कारण विचारतो. आणि तीच तपासणी माउस-कीबोर्ड चालवणाऱ्या ‘रोबॉट’ क्लासने आपोआप होत असेल, तर मॅन्युअल टेस्ट कशाला?