पट्ट्याचा जोड सारखा तुटतोय? या चुका टाळा

मोटरच्या पुलीवरून मशीन फिरवणारा पट्टा जोडातून तुटला की पहिला राग त्याची दोन टोकं जोडणाऱ्या क्लिपांवर निघतो. "माल हलका लागला" म्हणून दुकान बदललं जातं, पुढच्या वेळी एक नंबर मोठी क्लिप येते आणि जोड पुन्हा तिथेच सुटतो. भोसरीच्या शेडमध्ये, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, वाघोलीच्या खडी क्रशरवर, दौंडकडच्या गुऱ्हाळांत, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. क्लिप खरोखर खराब निघते, पण फार क्वचित. बहुतेक वेळा पट्टा वाकडा कापलेला असतो, क्लिपचा नंबर पुलीकडे न बघता निवडलेला असतो, नाहीतर दोन्ही टोकांच्या क्लिपांच्या कड्यांतून जाणाऱ्या पिनेच्या जागी खिळा ठोकलेला असतो. यातलं काय झालं ते तुटलेला जोडच सांगतो. म्हणून तो भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून नीट बघा.

तो बघायचा कसा, हे आधी सांगतो.

क्लिप शाबूत आहे, पण तिचे दात पट्ट्यातून सुटून आलेत आणि दातांना कापडाचे धागे लागलेत. अशा वेळी पट्ट्याचं कापड तरी कुजलंय, किंवा ताण जास्त आहे, किंवा क्लिप पट्ट्याच्या जाडीला लहान पडली आणि दात आरपार जाऊन नीट वळलेच नाहीत. पट्टा क्लिपच्या पाठीमागे, दातांच्या ओळीला समांतर फाटला असेल तर संशय पुलीवर घ्या. लहान पुलीवर मोठी क्लिप बसली की ती गोलाईत वाकत नाही, आडव्या पट्टीसारखी ताठ राहते आणि तिच्या कडेला पट्टा दर फेरीला मोडतो. क्लिपांच्या कड्या झिजून पातळ झाल्या असतील तर दोष पिनेचा किंवा धुळीचा. आणि जोड एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूने अजून घट्ट असेल, तर पट्टा काटकोनात कापलेला नव्हता. एवढं पाहिलं तरी निम्मं निदान झालं.

जोडावर किती मार बसतो याचा हिशोब एकदा करून बघा. १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर, तिच्यावर ६ इंची पुली. पट्ट्याचा वेग सेकंदाला साधारण ११.५ मीटर येतो. पट्टा ६ मीटर लांब असेल तर जोड सेकंदाला जवळजवळ दोन फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोन पुल्यांवर वाकतो. म्हणजे तासाला जवळपास १४ हजार वेळा, आणि आठ तासांच्या एका पाळीत एक लाखाहून जास्त वेळा. मधे पट्टा दाबून ताणणारी टेन्शनची पुली असेल तर तोच जोड उलट्या बाजूलाही वाकतो. बसवताना डोळ्याला न दिसणारी चूकसुद्धा एवढ्या वेळा वाकल्यावर दिसायला लागते ती यामुळे.

कापण्यातली चूक

सगळ्यात जास्त जोड इथे बिघडतात, म्हणून यावर जरा थांबतो.

फिटर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घेतो, पट्ट्याच्या कडेला लावतो, रेघ मारतो, कापतो. नव्या पट्ट्यावर हे चालून जातं. वर्षभर चाललेल्या पट्ट्याच्या कडा मात्र सरळ राहिलेल्या नसतात. एखादी बाजू गार्डला, म्हणजे पट्ट्यावरच्या संरक्षक आवरणाला घासून खाल्लेली असते, एखादी ताणून लांबलेली असते. अशा कडेला गुण्या लावला की रेघ वाकडी येते, आणि फिटरला वाटतं आपण काटेकोर काम केलं.

त्यापेक्षा कडेवर विश्वास ठेवू नका. पट्ट्याच्या टोकापासून आत, फूट-फूट अंतरावर पाच-सहा ठिकाणी रुंदी मोजून मध्यबिंदू काढा. लांब सरळ पट्टी ठेवून ते बिंदू जोडा. एखादा बिंदू रेघेच्या बाहेर गेला तर त्या ठिकाणी कड झिजलेली आहे असं समजा, त्याच्यासाठी रेघ वाकवू नका. आता गुण्या या मधल्या रेघेला लावा आणि कापायची रेघ काढा. गुण्यावर शंका असेल तर ३-४-५ चा ताळा घ्या: मधल्या रेघेवर १२ इंच, आडव्या रेघेवर ९ इंच, तिरकं अंतर बरोबर १५ इंच आलं पाहिजे. पट्टा अरुंद असेल तर त्याच प्रमाणात आकडे लहान घ्या, किंवा खाली प्लायवूड ठेवून रेघ त्याच्यावर वाढवा.

दोन्ही टोकांना हेच करायचं. एक टोक मोजून कापायचं आणि दुसरं "त्याच्यावर ठेवून" मारायचं, हा शॉर्टकट सगळ्यांना आवडतो. पहिल्या टोकाची चूक त्यातून दुसऱ्या टोकात जशीच्या तशी उतरते.

वाकड्या कापाची लक्षणं मशीन चालू केल्याबरोबर दिसतात. पुली चांगली असेल तर तिचा मधला भाग किंचित फुगीर असतो आणि तो पट्ट्याला मधे धरून ठेवतो. पट्टा बाकी फेरीत मधे चालतो आणि जोड पुलीवर आला की तेवढ्यापुरता एका बाजूला झटका मारतो, असं दिसलं तर शाफ्टचं अलाइनमेंट बिघडवायला जाऊ नका. जोड कापा आणि पुन्हा करा. पट्टा सतत एकाच बाजूला सरकत असेल, जोड असो नसो, तर मात्र शाफ्ट समांतर आहेत का आणि पुल्या एका रेषेत आहेत का ते बघा. या दोन गोष्टींची गल्लत करून मोटरचे फाउंडेशन बोल्ट सैल करणारे लोक फार आहेत. मग पट्टाही सरळ चालत नाही आणि मोटरही.

नंबर निवडताना

दुकानात जाऊन "काका, २५ नंबरचं पाकीट द्या" असं म्हणायची सवय आहे, कारण मागच्या वेळी तोच नंबर होता. मागच्या वेळी पट्टा किती जाड होता, हे कोणी बघत नाही. ॲलिगेटर पद्धतीच्या, म्हणजे मगरीच्या जबड्यासारखे दात पट्ट्यात ठोकून बसवायच्या क्लिपांना नंबर असतात. चांगल्या मालाच्या डब्यावर किंवा कॅटलॉगमध्ये प्रत्येक नंबरासमोर पट्ट्याची जाडी किती ते किती आणि सगळ्यात लहान पुली किती व्यासाची चालेल, असे दोन आकडे दिलेले असतात. दोन्ही आकडे पाळायचे. लोक पहिला बघतात आणि दुसरा सोडतात.

जाडी व्हर्नियरने मोजा, आणि जुन्या पट्ट्याची टोकाजवळ न मोजता जरा आत मोजा, कारण टोक दबलेलं असतं. पुली मोजताना मोटरवरची मोजा. क्रशरच्या मोठ्या पुलीचा व्यास इथे उपयोगाचा नाही.

क्लिप मोठी घेतली म्हणजे मजबुती वाढली, हा समज मनातून काढून टाका. जाड क्लिप लहान पुलीवर आपटते, ठक-ठक आवाज येतो, बेअरिंगला दर फेरीला दणका बसतो आणि पट्टा मागून फाटतो. पट्ट्याच्या जाडीला जी क्लिप लागते ती त्या पुलीवर बसत नसेल, तर पुली मोठी करा किंवा पट्टा पातळ घ्या. तिसरा मार्ग नाही.

क्लिपांची ओळ पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित कमी ठेवा. दोन्ही कडांना थोडा पट्टा मोकळा राहिला पाहिजे. कडेबाहेर आलेली क्लिप गार्डला, पट्टा पुलीवरून सरकवणाऱ्या बेल्ट शिफ्टरला आणि माणसाच्या बाहीला अडकते.

ठोकताना

पट्ट्याचं टोक क्लिपच्या आत पूर्ण टेकलेलं हवं. दोन मिलिमीटरची फट राहिली तर दात टोकाच्या फार जवळ बसतात आणि कापड धागा-धागा करून सुटतं. खाली घट्ट, सपाट आधार घ्या. ओबडधोबड दगडावर किंवा हलणाऱ्या फळीवर ठोकलेले दात तिरके जातात. कड्यांवर हातोडा मारायचा नाही, चपट्या झालेल्या कडीत पिन फिरत नाही. शेवटच्या घावांचाही मोह आवरा. क्लिप पट्ट्यात किंचित रुतली की थांबा, त्यापुढे प्रत्येक घाव कापडाचे धागे तोडतो.

क्रशरच्या कन्व्हेयरवर, म्हणजे खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, क्लिपांऐवजी प्लेट आणि बोल्टचे फास्टनर असतात. तिथे भोकं पाडायला तापवलेली सळई वापरतात, ती बंद करा. जळलेल्या भोकाभोवतीचं कापड कडक होऊन तुटतं आणि सगळा ताण तिथेच असतो. पंच आणि टेम्प्लेट वापरा. बोल्ट सगळे सारखे कसा आणि काही तास माल चालल्यावर पुन्हा एकदा कसा, कारण रबर दबतं आणि पहिली पकड सैल होते. वरचं रबर जाड असेल तर प्लेटच्या रुंदीएवढं तासून काढा म्हणजे प्लेट पृष्ठभागाच्या बरोबरीने बसते. नाहीतर पट्टा खरवडून साफ करणाऱ्या स्क्रॅपरचं पातं दर फेरीला तिच्यावर आदळतं. जोडाच्या मागून येणाऱ्या टोकाचे दोन्ही कोपरे थोडे तिरके छाटले की ते कुठे अडकून फाटत नाहीत.

पीन

पीन झिजते तेव्हा ती स्वस्तात बदलता येते. कड्या झिजल्या की अख्खा जोड कापावा लागतो. तरीही पीन हरवली की खिळा, सायकलचा आरा, वेल्डिंगचा रॉड, हाताला येईल ते घातलं जातं. कडक आणि खरखरीत तार मऊ कड्यांना करवतीसारखी कापते. बारीक तार घातली तर कड्या तिच्यावर आपटत राहतात. क्लिपच्या नंबराला जी पीन सांगितली आहे तीच घ्या आणि दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा.

पिनेची लांबी पट्ट्यापेक्षा जरा कमी हवी आणि ती बाजूने सरकून बाहेर येणार नाही अशी अडवलेली हवी. खडीच्या कामात भुकटी कड्यांत शिरून पीन खाते, तिथे पीन ठरावीक काळाने बदलायची वस्तू समजा. तेल मात्र घालू नका. तेलाला भुकटी चिकटून घासायची पेस्ट तयार होते, आणि खनिज तेलाने रबर फुगून मऊ पडतं ते वेगळंच.

राळ आणि ताण

पट्टा घसरला की राळ टाकायची जुनी सवय आहे, विशेषतः पिठाच्या गिरण्यांत दिवाळीच्या भाजणीची गर्दी असते तेव्हा. त्याने तासाभराचं काम निघतं. नंतर पुलीवर खपल्या बसतात आणि पट्टा त्या खपल्यांवरून उड्या मारतो. दुसरी सवय मोटर मागे ओढून पट्टा तारेसारखा ताणायची. त्याने बेअरिंग गरम होतं आणि सगळ्यात कमजोर जागा, म्हणजे जोड, आधी सुटतो. घसरण्याचं कारण शोधा: पुलीवर तेल आलंय का, लोड वाढलाय का, पट्ट्याची सैल बाजू खाली चालतेय का. आडव्या ड्राइव्हमध्ये सैल बाजू वर असेल तर पट्टा पुलीला जास्त कवळतो आणि कमी ताणात काम होतं. नवा पट्टा पहिल्या काही तासांत लांबतो, तेव्हा ताण एकदा पुन्हा बघायचा. सुती कापडाचे पट्टे पुण्याच्या पावसाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत वेगळे वागतात, त्यामुळे जूनमधलं सेटिंग उन्हाळ्यापर्यंत तसंच ठेवू नका.

गिरणीवाल्यांना आणखी एक कळकळीचं सांगणं. तुटलेला दात जातो कुठे, याचा विचार करा. पिठाच्या वाटेवरून पट्टा जात असेल तर जोड रोज पाहिलाच पाहिजे आणि ओलसर जागी स्टेनलेस स्टीलच्याच क्लिपा घ्यायला हव्यात.

जिथे क्लिप लावायचीच नाही

मधे नायलॉनचा पत्रा असलेले पातळ, वेगवान सपाट पट्टे तिरके तासून, चिकटवून, गरम प्रेसमध्ये जोडायचे असतात. त्यांना क्लिप लावली की दातांच्या रेषेवर चीर पडते आणि ती पळत जाते. तसंच साध्या व्ही-बेल्टचं. बी सेक्शनचा, १७ बाय ११ मिलिमीटरचा अखंड बेल्ट कापून त्याला कुठलाही फास्टनर लावू नका. त्यातल्या दोऱ्या लांबीच्या दिशेने असतात आणि कापल्या की त्यांना धरायला काही उरत नाही. शाफ्ट काढल्याशिवाय अखंड बेल्ट चढत नसेल तर भोकं पाडलेला, मीटरवर मिळणारा खास व्ही-बेल्ट आणि त्याचेच फास्टनर वापरा. त्यातही एका पुलीवर चार बेल्ट असतील तर तीन अखंड आणि एक जोडाचा असं कधी करू नका, कारण ते सारखे लांबत नाहीत.

चालू पट्ट्याला हात

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात चालत्या पुलीवरचा पट्टा हाताळण्याविषयी कडक अटी घातल्या होत्या. पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा, आणि जोड लेसिंगचा (वादीने शिवलेला) किंवा पट्ट्याच्या पृष्ठभागाशी सपाट असावा, ही त्यांतलीच एक. उंच आलेला जोड माणसाचा हात ओढून नेतो, म्हणून त्या कायद्यात जोडाचा उल्लेख होता. माझं म्हणणं त्याहून सरळ आहे: पट्टा चालू असताना हातच लावायचा नाही, अरुंद असो की रुंद. मेन स्विच बंद करा, कुलूप लावा, किल्ली जो माणूस जोड करतोय त्याच्या खिशात ठेवा. गार्ड परत बसल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

पट्टा कमी पडला तर

जोड पुन्हा करताना जुन्या क्लिपांनी भोकाडलेला सगळा भाग कापून टाका. जुन्या भोकांच्या शेजारी नवे दात बसवून दोन इंच वाचवले तर तो जोड महिनाभरही टिकत नाही. मोटरच्या रेलवर पुढे सरकायला जागा असेल तर तेवढ्यात भागतं. नसेल तर मधे तुकडा घालावा लागतो. तो तुकडा त्याच जाडीचा, तितक्याच कापडाच्या पदरांचा आणि शक्यतो त्याच पट्ट्यातला घ्या. नव्या पट्ट्याचा तुकडा वेगळा ताणतो. लांबी एवढी ठेवा की दोन्ही जोड एकाच वेळी एकाच पुलीवर येणार नाहीत. वीज बंद असते त्या दिवशी हे काम घ्या, म्हणजे कोणी डोक्यावर उभं राहत नाही आणि मधली रेघ काढायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आधी रिकामं चालवा, जोड दोन्ही पुल्यांवरून आवाज न करता जातोय हे पाहा आणि मगच लोड द्या.