गॅमा स्फोटाचा निरोप येण्याआधी

९ ऑक्टोबर २०२२, कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर केशर घातलेलं दूध आटत होतं आणि मी माझी आठ इंची दुर्बीण पोरांना चंद्र दाखवायला लावून बसलो होतो. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी उपग्रहाच्या शोधकांवर आजवर नोंदला गेलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या आकाशगंगेतल्या ताऱ्याच्या मरणातून सुटलेला झोत, येऊन आदळला. जागा शर तारकासमूहात, हंस आणि गरुड यांच्या मधल्या त्या इवल्याशा बाणात. नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा कळलं की त्या क्षणी पुण्याहून ती जागा ऐन माथ्यापासून जेमतेम तीन अंशांवर होती. १९० कोटी वर्षं चालत आलेला उजेड आमच्या डोक्यावर ओतला जात होता आणि दुर्बीण पूर्वेला, नुकत्याच वर आलेल्या चंद्राकडे.

बरं, ६.४७ ला कुणालाच नेमकी जागा ठाऊक नव्हती. स्विफ्ट उपग्रहाच्या नजरेत ती आली ७.४० ला, आणि तीही आकाशगंगेच्या पट्ट्याला इतकी खेटून की आधी सगळ्यांना वाटलं, हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असणार. पण जागा तर मिळाली होती. तेव्हा तिची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) १६ ते १७ च्या दरम्यान होती. पौर्णिमेच्या उजेडातही निदान प्रयत्न करण्याजोगी. माझा फोन सायलेंटवर, दुधाच्या पातेल्याशेजारी. स्फोटाचा निरोप वाचला रात्री साडेअकराला.

त्या रात्रीपासून तयारीची ही यादी करत आलोय. आमच्या हौशी निरीक्षकांच्या गटातल्या नव्या मंडळींनी मागितली म्हणून एकदाची लिहून काढतो. यादीमागचं सूत्र एकच: निरोप आल्यावर काही ठरवायची वेळ येता कामा नये. काय टिपायचं, कोणत्या फिल्टरने, किती सेकंद, फाइल कुठे ठेवायची, हे सगळं आधी ठरलेलं हवं.

याला कारण आहे. स्फोट स्वतः काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा. तो आपल्याला जमिनीवरून दिसत नाही, वातावरण गॅमा किरण गिळून टाकतं. आपल्याला मिळतो तो आफ्टरग्लो: स्फोटातून सुटलेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळून जी धग उरते ती. ही धग ढोबळमानाने काळाच्या व्यस्त प्रमाणात विझते. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत तेज दहापट घटतं, म्हणजे अडीच प्रती. पुढच्या अडीच प्रती घटायला दहाव्यापासून शंभराव्या मिनिटापर्यंतचा वेळ लागतो. म्हणजे सुरुवातीला किल्ली शोधण्यात घालवलेली पाच मिनिटं आणि तासाभरानंतर चहा पिण्यात घालवलेली पाच मिनिटं यांची किंमत एक नाही. १९९९ च्या २३ जानेवारीचा स्फोट न्यू मेक्सिकोतल्या रोट्से यंत्रणेने २२ सेकंदांत गाठला आणि नवव्या प्रतीपर्यंतची चमक टिपली. ती काही मोठी दुर्बीण नव्हती, कॅमेऱ्याच्या चार लेन्स होत्या. घाई मोठ्या आरशाला भारी पडते ती अशी.

आता अपेक्षा किती ठेवायची तेही मोजून घ्या, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. स्विफ्टने वर्षाला साधारण शंभर स्फोट पकडले असं धरा. क्षितिजापासून तीस अंशांच्या वरचं आकाश म्हणजे पूर्ण खगोलाचा एक चतुर्थांश. म्हणजे पंचवीस. त्यातले रात्री घडणारे दहा. पावसाळ्याचे चार महिने वजा करा, राहिले सहा-सात. त्यातल्या बऱ्याच स्फोटांची दृश्य प्रकाशातली धग सापडतच नाही, काहींची आठ इंचीच्या आवाक्याबाहेर असते. ढग, नोकरी, लग्नकार्यं हे वेगळंच. वर्षाकाठी एखादी खरी संधी मिळाली तर नशीब समजा. दोन सेकंदांहून छोट्या स्फोटांची धग बहुधा फारच मंद असते, त्यांच्या नादी लहान दुर्बिणीवाल्याने लागू नये असं माझं मत आहे. गटातल्या दोघांना ते पटत नाही.

पहिली तयारी फोनची. जगभरातले निरोप नासाच्या जीसीएन या जाळ्यातून फुकट मिळतात. खातं उघडा आणि कोणते निरोप हवेत ते निवडा. सगळे घेतलेत तर दोन दिवसांत वैतागून बंद कराल. फर्मीचे स्फोट संख्येने जास्त, वर्षाला दोनशेच्या वर, पण त्यांच्या जागेत कित्येक अंशांची चूक असते. आपल्या कॅमेऱ्याचं क्षेत्र जेमतेम अर्ध्या अंशाचं, तिथे शोधणार काय? आपल्यासाठी स्विफ्टसारखे निरोप हवेत. तो आधी तीन-एक आर्क मिनिटांत (आर्क मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्क सेकंद त्याचाही साठावा) जागा सांगतो, मग स्वतःच वळून दोनेक मिनिटांत क्ष-किरणांतून काही आर्क सेकंदांपर्यंत नेमकी करतो. पण २००४ साली उडालेला हा उपग्रह आता म्हातारा झाला आहे, त्याची कक्षाही खाली येत चालली आहे. तेव्हा एकावरच भिस्त नको. २०२४ मध्ये गेलेले आइन्स्टाइन प्रोब आणि स्वोम यांचे निरोपही चालू ठेवा. मग एक छोटी पायथन स्क्रिप्ट: जागा तीस अंशांच्या वर आहे का, सूर्य क्षितिजाखाली बारा अंश गेला आहे का, चंद्र किती जवळ आहे. तिन्ही जमलं तरच फोन वाजावा, आणि वाजला की घर जागं व्हावं इतका वाजावा. घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

दुर्बीण दर वेळी गाडीतून नेऊन मांडणार असाल तर हा खेळ सोडून द्या. मी भोरजवळ एका मित्राच्या शेतावर सिमेंटचा पाइप जमिनीत गाडून त्यावर माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक, कायमचा बसवलाय. ध्रुवाशी जुळवणी एकदाच केली, दर दोन-तीन महिन्यांनी तपासतो. फोकसरवर चिकटपट्टीचा तुकडा लावून हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची खूण केली आहे. तिथून सुरुवात केली की बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची चिरांची जाळी) लावून बारीक फोकस दोन मिनिटांत होतो. रोख चुकतोच, म्हणून प्लेट सॉल्व्हिंग, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीचा रोख ओळखणं, इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे, ताऱ्यांच्या सूचीच्या फाइली लॅपटॉपवर आधीच उतरवून घ्या. जर्मन माउंट असेल तर मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना तो उलटा फिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी केबल अडकते. दिवसा उजेडी एकदा पूर्ण फेरी मारून बघा. उंदरांनी कुरतडलेली वायरही तेव्हाच सापडते. लाइट जाणारच हे धरून बॅटरी भरलेली ठेवा, आणि थंडीत दव पडतं तेव्हा हीटरची पट्टी त्याच बॅटरीवर चालते हे विसरू नका.

डार्क, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट मोजायला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, आधीच काढून ठेवता येतात: कॅमेऱ्याचं तापमान शून्य अंशांवर ठेवून दहा, तीस आणि साठ सेकंदांचे प्रत्येकी तीस. उणे दहाचा हट्ट धरू नका, एप्रिलमध्ये आपल्या पठारावर रात्री दहालाही हवा इतकी तापलेली असते की कूलर धापा टाकतो. फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग आणि कडांची अंधारी काढून टाकायला घेतलेल्या फ्रेम, मात्र संध्याकाळच्या उजेडात, नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून. आमच्याकडे त्यासाठी एक जुना सदरा आहे, इस्त्री केलेला. सुरकुती पडली की फ्लॅटमध्ये दिसते.

घड्याळ हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. लॅपटॉपचं घड्याळ महिनाभरात सहज काही सेकंद भटकतं. पहिल्या दोन मिनिटांच्या मोजमापात तेवढी चूक चालत नाही. नेट असेल तर वेळ जुळवून घ्या, नसेल तर जीपीएसचा छोटा रिसीव्हर लावा. नोंद नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे १० तारखेच्या पहाटे तीनला झालेल्या स्फोटाच्या नावात ९ तारीख येते. वरचा कोजागिरीचा स्फोट जीआरबी २२१००९ए: वर्ष, महिना, दिवस, आणि त्या दिवसाचा पहिला म्हणून ए. आमच्या एका भिडूने अख्खी रात्र चुकीच्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाकली होती, ती पुन्हा सापडायला आठवडा गेला.

टिपण्याचा क्रम कागदावर छापून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा. आधी दहा सेकंदांचे वीस, मग तीस सेकंदांचे तीस, मग साठ-साठचे, जागा मावळेपर्यंत. धग जशी मंदावत जाते तसा प्रकाश गोळा करण्याचा वेळ वाढत जातो. फिल्टर लाल. दूरच्या स्फोटाचा निळा उजेड वाटेतला हायड्रोजन आणि धूळ खाऊन टाकतात. पहिल्या दहा मिनिटांत काहीच दिसत नसेल तर फिल्टर काढून बिनफिल्टरचं घ्या, पण तशी नोंद करा. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण किंचित हलवा, नाहीतर कॅमेऱ्यातला एखादा पेटलेला पिक्सेल आफ्टरग्लो म्हणून मिरवेल.

मग ओळख पटवणं. जुळवलेली प्रतिमा पॅन-स्टार्स या आकाश सर्वेक्षणाच्या जुन्या चित्राशेजारी ठेवायची. क्रांती (खगोलावरचा अक्षांश) उणे तीस अंशांच्या खाली असेल तर तिथे पॅन-स्टार्स नाही, डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे बघायचं. जुन्यात नसलेला ठिपका सापडला की लगेच नाचू नका. लघुग्रह आहे का ते मायनर प्लॅनेट सेंटरच्या पानावर तपासा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा: हलला असेल तर लघुग्रह, जागेवर राहून मंदावला असेल तर तुमचा. २९ मार्च २००३ चा स्फोट सुरुवातीला इतका तेजस्वी होता की कित्येक हौशी निरीक्षकांनी तो मोजला. पुढे त्याच ठिकाणी सुपरनोव्हा उगवला, आणि त्याची रेडिओ लहरींतली धग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपली. आपली मोजमापं अशा मोठ्या आलेखातले सुरुवातीचे ठिपके असतात.

जीसीएनवर कळवायचा मजकूरही आधी लिहून ठेवा, फक्त आकडे भरायचे: स्फोटाचं नाव, मध्यवेळ यूटीसीत, स्फोटानंतर किती सेकंद, एकूण किती सेकंद प्रकाश गोळा केला, फिल्टर, प्रत, तिची चूक, कोणत्या सूचीच्या ताऱ्यांशी तुलना केली. काही दिसलं नाही तर किती प्रतीपर्यंत दिसलं नाही हे लिहा. नव्या लोकांना याची लाज वाटते. उगाच. ‘पाचव्या मिनिटाला साडेसतराव्या प्रतीपर्यंत काही नाही’ हे वाक्य वाचून लडाखमध्ये हानलेला बसवलेल्या आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या सत्तर सेंटिमीटरच्या स्वयंचलित दुर्बिणीलाही काहीतरी कळतं.

आणि एक, दैवाचा भाग सोडून द्यायला शिका. १९ मार्च २००८ ला भूतप तारकासमूहात साडेसातशे कोटी वर्षांपूर्वीचा उजेड अर्धं मिनिट नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका चमकला, पाचव्या-सहाव्या प्रतीचा. चिलीत त्याच्याकडे कॅमेरे आधीच वळलेले होते, कारण अर्ध्या तासापूर्वी शेजारीच दुसरा स्फोट झाला होता. आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत होते.

राहिली तालीम. महिन्यातून एकदा गटातला कुणीतरी न सांगता, रात्री कुठल्याही वेळी फोन करतो आणि आकाशातल्या जागेचे दोन आकडे सांगतो. शेतावर मुक्काम असेल त्याने अंथरुणातून उठून पहिली फ्रेम मिळवायची, घड्याळ लावून. माझी पहिली तालीम अकरा मिनिटांची झाली. त्यातली चार मिनिटं शेडच्या कुलुपाची किल्ली शोधण्यात गेली, ती पँटच्या खिशात होती आणि पँट दोरीवर वाळत होती. आता किल्ली दाराच्या चौकटीतल्या खिळ्यावर, लाल नाडीने बांधलेली. गेल्या महिन्यात तीन मिनिटं चाळीस सेकंद.