वारेची उत्क्रांती समजून घेताना या चुका टाळा

बीएस्सीच्या वहीत हमखास एक साखळी असते: मासे, बेडूक, सरडे अंडी घालतात, मग सस्तन प्राणी आले आणि वार (प्लॅसेंटा, म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) आली. सगळा घोळ इथेच होतो. वार एकदाच तयार झाली नाही. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या निरनिराळ्या कुळांत ती पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडली.

याचा पुरावा कोकणच्या मासळी बाजारातच आहे. तिथे मिळणाऱ्या छोट्या मुशींपैकी, म्हणजे शार्कपैकी, एक म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा ओळखीचा स्कोलिओडॉन. त्याचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं. एवढ्याशा बलकावर पिल्लू कसं पोसणार? ते नाळेने मादीच्या गर्भाशयाला जोडलेलं असतं आणि जन्मापर्यंत तिच्याकडूनच पोषण घेतं. म्हणून ‘शार्कची वार पुढे माणसात आली’ असं लिहू नका. शार्कची वार बलकाच्या पिशवीपासून बनते, आपली मुख्यतः कोरिऑन आणि अलँटॉइस या आवरणांपासून. कोणत्याही प्राण्याची वार अभ्यासताना ती पिल्लाच्या कोणत्या आवरणापासून झाली, हे आधी पाहा; निम्म्या चुका तिथेच टळतात.

कांगारूला वार नसते, हेही चूक. असते, पण अल्पकाळ टिकते.

‘विषाणूमुळे वार आली’ हे वाक्य तर सर्रास फिरतं. खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे. आपल्या वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळून अखंड थर बनवतात, तो सिन्सिटिन या प्रथिनाच्या मदतीने, आणि त्याचं जनुक प्राचीन विषाणूकडून आलेलं आहे. पण उंदराचं सिन्सिटिन वेगळ्याच विषाणूचं आणि दक्षिण अमेरिकेतल्या माबुया सरड्याचं आणखी तिसऱ्याचं. म्हणजे एका विषाणूने सगळ्यांची वार घडवली, असं नाही.

गाईची वार साधी, म्हणून जुनी, हा तर्कही टिकत नाही. तिच्यात आईचं रक्त आणि गर्भ यांच्यामध्ये जास्त थर असतात. आजारांशी लढणारी प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत, म्हणून तर वासराला जन्मल्याबरोबर चीक पाजावा लागतो. वंशवृक्ष मांडून पाहिला, तर हा प्रकार नंतरचा दिसतो.

आणि एवढा गुंतागुंतीचा अवयव घडायला कोट्यवधी वर्षं लागतातच, असं गृहीत धरू नका. मेक्सिकोतल्या पोसिलिओप्सिस या छोट्या माशांच्या एकाच प्रजातिगटात वार तीनदा स्वतंत्रपणे उगम पावल्याचं २००२ मध्ये दाखवण्यात आलं, तेही साडेसात लाख किंवा त्याहून कमी वर्षांत.