मुले पळवणारी टोळी आणि ‘डिजिटल अटक’: अफवा व फसवणूक ओळखताना या चुका टाळा

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने मी चार व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर आहे आणि ‘नाशिकमध्ये मुले पळवणारी टोळी आली आहे’ हा संदेश आजवर इतक्या वेळा वाचला आहे की, त्याची एक वहीच ठेवली आहे. गाडी पांढरी असते, टोळीत पंधरा-वीस जण असतात, त्यांपैकी दोघे पकडले गेलेले असतात आणि शेवटी ‘पोलिसांनी सर्वांना कळवण्यास सांगितले आहे’ असे लिहिलेले असते. कधी सिडको, कधी सातपूर, कधी नाशिकरोड. भागाचे नाव तेवढे बदलते, बाकीचा मजकूर चुकांसकट तोच राहतो. वहीत तारीख आणि पहिली ओळ उतरवून ठेवली की पुढच्या खेपेला तुलना करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

‘खरे असले तर?’ म्हणून पुढे पाठवणे

सर्व चुकांमध्ये मला सर्वांत घातक वाटते ती ही. पाठवणारा माणूस वाईट नसतो. संदेश खोटा निघाला तर काही बिघडत नाही आणि खरा निघाला तर एखादे मूल वाचेल, असा त्याचा हिशेब असतो. या हिशेबात ज्याच्यावर संशय जाणार आहे तो माणूस धरलेलाच नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक जमावाच्या मारहाणीत मरण पावले, ते अशाच अफवेमुळे. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, एका परगावच्या कुटुंबाला जमावाच्या तावडीतून सोडवावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली.

त्याच सप्टेंबरमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वसाहतीत एक चादरी विकणारा आला होता. दुपारी समूहावर टोळीचा संदेश येऊन गेला होता आणि त्याखाली मी स्वतः ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असे लिहिले होते. त्या माणसाने अंगणात खेळणाऱ्या मुलाला ‘आई घरी आहे का?’ असे विचारले. प्रत्येक फेरीवाला हे विचारतोच, परंतु फाटकापर्यंत बातमी पोहोचेस्तोवर त्याने मुलाला हात धरून ओढले होते. मी खाली उतरलो तेव्हा तीस-चाळीस माणसे जमली होती आणि कोणीतरी त्याचे गाठोडे सोडले होते. आठ-नऊ चादरी, भाकरीचा स्टीलचा डबा आणि सर्वांत खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक. तो फ्रॉक वर उचलला गेला आणि जमावाला पुरावा मिळाला. त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता; तो नुसता शर्टाच्या खिशाकडे हात नेत होता आणि लोक त्याचा हात पिरगाळत होते. खिशात मेनरोडवरच्या दुकानाची त्याच दिवशीची पावती होती. आमच्या रखवालदाराने त्याला ओढून आपल्या चौकीत घातले, बाहेरून कडी लावली आणि ११२ क्रमांकावरून पोलीस येईपर्यंत तो दाराला पाठ लावून उभा राहिला. तो नसता तर काय झाले असते, हे मला आजही लिहवत नाही.

या अफवेचा इतिहास पाहिला तर तिचा पोकळपणा लगेच कळतो. माझ्या लहानपणी पुलाच्या पायात नरबळी देण्यासाठी मुले नेतात असे सांगत. आता मूत्रपिंडे काढण्यासाठी नेतात असे सांगतात. अवयव प्रत्यारोपणासाठी रक्तगट आणि ऊतींची जुळणी, सुसज्ज शस्त्रक्रियागृह व तज्ज्ञांचा चमू लागतो, आणि शरीराबाहेर काढलेले मूत्रपिंड साधारण दीड दिवसाच्या आत बसवावे लागते. रस्त्यावरून उचललेल्या अनोळखी मुलाला पांढऱ्या गाडीत घालून हे होत नाही. मुले हरवतात, पळवलीही जातात आणि प्रत्येक तक्रार गंभीरच आहे. म्हणूनच ती १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा ११२ वर द्यायची असते.

माझी सवय सांगतो. असा संदेश आला की मी पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो : कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद झाली? उत्तर ‘मलाही पुढून आले आहे’ असे असेल तर तो संदेश माझ्या समूहावरून काढून टाकतो आणि लोक रागावले तरी परत येऊ देत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा हजारो साधू, भिक्षुक, फिरते विक्रेते आणि रस्ता चुकलेले भाविक आपल्या गल्ल्यांतून फिरतील, आणि त्यांतल्या कोणाचीही ओळख पटवणारा माणूस जवळ असणार नाही.

चौकशी चोराकडेच करणे

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका आमच्या जुन्या परिचयाच्या आहेत. त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींनी मला जिन्यात थांबवून विचारले, “भाऊ, बाईंच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवलाय आणि त्यात एक पोलीस कालपासून बसलाय. असं असतं का?” बाईंना सांगितले गेले होते की, त्यांच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून त्या ‘डिजिटल अटकेत’ आहेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही आणि कोणाशी बोलायचे नाही. मोबाइलला चार्जर लावून त्या दोन दिवस त्याच्यासमोर भाजी चिरत होत्या.

बाई भोळ्या नाहीत. त्यांनी पुरावा मागितला होता. त्यावर शिक्क्यानिशी पत्र आले, गणवेशातला ‘वरिष्ठ अधिकारी’ पडद्यावर आला आणि खात्रीसाठी एक दूरध्वनी क्रमांकही मिळाला. तो क्रमांकही त्याच टोळीचा होता. बहुतेक सुशिक्षित माणसे नेमकी येथे फसतात, कारण आपण खात्री करून घेतली असे त्यांना मनापासून वाटत असते.

भारतातील कोणत्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते. अटक करणारा अधिकारी समोर येतो, अटकेचे कारण सांगतो आणि नातेवाइकांना कळवतो. ‘पडताळणीसाठी’ तुमचे पैसे दुसऱ्या खात्यात मागणारी तपास यंत्रणा अस्तित्वात नाही. मी स्वतः डायरीच्या शेवटच्या पानावर जवळचे पोलीस ठाणे, बँकेची शाखा आणि महावितरणचे कार्यालय यांचे क्रमांक हाताने लिहून ठेवले आहेत. आलेला कॉल बंद करायचा आणि त्या पानावरचा क्रमांक दुसऱ्या फोनवरून लावायचा. हे जुनाट वाटेल, पण फोनमध्येच शोधून पहिला दिसेल तो ‘कस्टमर केअर’ क्रमांक फिरवणे हा आळशी मार्ग आहे आणि तो बऱ्याचदा दुसऱ्या चोराच्या दारात नेतो.

लहान पण रोजच्या चुका

आकड्याला भुलू नये. गाडीच्या काचेवर अंडी फेकली तर वायपर लावू नका, नाही तर ‘९२.५ टक्के’ दिसेनासे होते, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे; ही टक्केवारी कोणी आणि कशी मोजली, हे त्यात कधीच नसते.

एटीएमचा पिन उलटा दाबल्यास पोलीस येतात, हे खोटे आहे. ५५५५ हा पिन उलटा कसा दाबणार, एवढा विचार केला तरी पुरे.

महिलांना रात्री घरी सोडण्याची लुधियाना पोलिसांची डिसेंबर २०१९ ची योजना देशभरची म्हणून आजही पसरवली जाते. संकटातल्या मुलीने नाशिकमधून लुधियानाचा क्रमांक लावत बसावे, हे मला संतापजनक वाटते. क्रमांक ११२ आहे.

‘आज रात्री वीज तोडली जाईल’ हा संदेश एखाद्या खासगी मोबाइल क्रमांकावरून आला असेल, तर तो महावितरणचा नाही. वाहनाच्या दंडाचे चलान म्हणून एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसली की तो अनेक हातांतून आला आहे हे समजावे. राईनपाड्याच्या महिन्यातच भारतात एका वेळी पाच जणांनाच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली आणि एप्रिल २०२० पासून असा वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही अडचण मुद्दाम घातलेली आहे. नक्कल करून चिकटवण्याची युक्ती लोकांना शिकवत बसू नये.

सगळेच खोटे म्हणणे

ही नव्याने शिकलेल्यांची चूक आहे. छायाचित्र आधी कोठे आले होते ते इंटरनेटवर शोधून पाहायला शिकलेली तरुण मंडळी चित्र जुने निघाले की विजयी होतात आणि चित्र कोठेच सापडले नाही तर ते खरे मानतात. मोटरसायकलवरून मूल उचलून नेल्याची गाजलेली चित्रफीत बनावट नव्हती. कराचीतील बालसुरक्षेच्या जागृतीसाठी ती चित्रित केलेली होती. मुलाला परत सोडून फलक दाखवण्याचा तिचा शेवट कापला, एवढ्यानेच ती विषारी झाली. म्हणून संपूर्ण चित्रफीत मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि हे थांबणेच आजच्या मुलांना जमत नाही.

एकदा बीटवरच्या पोलीस हवालदारांनी सूचना दिली होती की, दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे दोघे आमच्याच रस्त्यावर सकाळी अकराच्या सुमारास फिरत आहेत. एका तरुणाने मिनिटभरात ‘फेक’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी मागच्या इमारतीतील एका काकूंच्या दोन पाटल्या पॉलिश होऊन परत आल्या, पण वजनात बऱ्याच हलक्या. सोने आम्लात उतरले होते. खऱ्या सूचनेत रस्ता, वेळ, माणसांची संख्या आणि फसवण्याची पद्धत असते. ती कंटाळवाणी असते आणि ‘सर्वांना पाठवा’ असे ती क्वचितच सांगते.

फसल्यावर गप्प बसणे

लाजेने घालवलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने सरकवले जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा क्रमांक फोन लावण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावा. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. गंगापूर रोडच्या त्या बाईंनी त्या सकाळी चोरांना एक रक्कम पाठवली होती. मी आणि मावशी त्यांच्याजवळ बसलो, चोराचा कॉल बंद केला आणि त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात वाणसामानाच्या यादीमागे हे चारही तपशील लिहिले. पैशांचा काही भाग पुढच्या खात्यात गोठवता आला, तो त्याच दुपारी केलेल्या फोनमुळे.