विषाणू चिकटला म्हणजे शिरला नव्हे

रिसेप्टर (पेशीवरचा रेणू, ज्याला विषाणू धरतो) म्हणजे काय हे विषाणूशास्त्राच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना सांगावं लागत नाही. एचआयव्हीला सीडी४ आणि जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४, इन्फ्लुएन्झाला सायॅलिक आम्ल, सार्स-कोव्ह-२ला एसीई२, हे सगळं पाठ असतं. घोळ होतो तो मोजताना. पेशींवर विषाणू टाकला, तासाभराने धुतला, पीसीआर (जनुकीय साहित्य मोजणारी चाचणी) केला, विषाणूचा आरएनए दिसला आणि वहीत ‘प्रवेश झाला’ असं लिहून टाकलं! तो आरएनए पेशीच्या बाहेरच लटकलेल्या कणांचाही असू शकतो. हेपरान सल्फेटसारख्या साखरांना कितीतरी विषाणू नुसतेच चिकटतात आणि त्यातले बरेच आत कधीच जात नाहीत. मोकळ्या प्लास्टिकलाही चिकटतात, म्हणून प्लेटमध्ये पेशी नसलेली दोन-तीन वेल (प्लेटमधले खळगे) ठेवाच.

यावर उपाय म्हणजे तीन गट. तिन्हींत विषाणू ४ अंशांना एक तास ठेवायचा. या तापमानाला तो रिसेप्टरला धरतो, पण एंडोसायटोसिस (पेशीने बाहेरची वस्तू पटलात गुंडाळून आत घेणं) थांबलेलं असतं. मग गार पीबीएसने (क्षारांच्या बफरने) तीनदा धुवायचं. ‘अ’ गटातल्या पेशी लगेच फोडून आरएनए मोजायचा. तो आकडा चिकटलेल्यांचा. ‘ब’ गटाला गरम न करताच प्रोटिनेज के (प्रथिनं कापून बाहेरचे कण उपटणारं विकर) द्यायचं, साधारण ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली, बर्फावर ४५ मिनिटं. ‘क’ गट आधी ३७ अंशांना अर्धा ते एक तास, मग पुन्हा बर्फावर आणि तेच प्रोटिनेज के. ‘क’मधून ‘ब’ वजा केल्यावर उरतं ते आत गेलेलं.

‘ब’ गट गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण त्यात ‘काहीच दिसत नाही’. अहो, काही दिसू नये म्हणूनच तो असतो! ‘ब’चा सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीत सिग्नल दिसला तो आकडा; जास्त म्हणजे आरएनए कमी) ‘अ’पेक्षा निदान ३.३ने जास्त यायला हवा, म्हणजे नव्वद टक्के तरी कण उपटले गेले. तेवढा फरक नसेल तर ‘क’चा आकडा कितीही देखणा असो, तो मोजायचा नाही. प्रोटिनेज केऐवजी ट्रिप्सिन वापरून ३७ अंशांना ठेवू नका. उपटायला म्हणून ठेवलेल्या त्या पाच मिनिटांतच विषाणू आत शिरू लागतात. प्रोटिनेज के पेशीही सोडवतं, तेव्हा ते पीएमएसएफने थांबवून पेशी गार सेंट्रिफ्यूजमध्ये गोळा करा. हर्पिस सिम्प्लेक्ससाठी पीएच ३चा सायट्रेट बफर एक मिनिट पुरतो. तो बाहेरच्या कणांना निष्क्रिय करतो, त्यामुळे पुढे प्लाक (संसर्गाने पेशींच्या थरात पडणारी भोकं) मोजायचे असतील तरच कामाचा.

बारीकसारीक गोष्टीही नडतात. बायकार्बोनेटचं माध्यम इनक्युबेटरबाहेर अल्कलीकडे सरकतं, म्हणून थंड टप्प्यात २० मिलिमोलर हेपेस (पीएच टिकवणारं बफर) घाला. पेशी सुट्या करून घ्यायच्या असतील तर ईडीटीए वापरा, ट्रिप्सिन रिसेप्टरच कापू शकतं. एचईके२९३टी पेशी बर्फावर पत्र्यासारख्या सुटून येतात; पॉलिलायसिनचा थर दिल्याशिवाय धुवायला घेऊ नका. सीनियरने फोनवर पाठवलेल्या प्रोटोकॉलमध्ये यातलं काही नसतं, कारण त्याचे हात सरावलेले असतात. तयार किटबद्दल माझं मत वाईट आहे: आकडा मिळतो, तो कशाचा ते कळत नाही.

घाबरू नका, तीन गट एकदा बसले की हात आपोआप चालतात. पण ‘क’ म्हणजेही सगळं झालं असं नाही. एंडोसोममध्ये (आत ओढलेल्या पटलाच्या पिशवीत) अडकलेला कण तांत्रिकदृष्ट्या अजून बाहेरच असतो. विषाणूचं आणि पेशीचं पटल जुळलं का हे पाहायला ल्युसिफरेजवाला स्यूडोव्हायरस (दुसऱ्या विषाणूचं आवरणप्रथिन चढवलेला कण, जो आत शिरला की पेशी उजेड देते) वापरा. सोबत आवरणप्रथिन नसलेले बोडके कण आणि व्हीएसव्ही-जीचे (जवळपास सगळ्या पेशींत शिरणाऱ्या आवरणप्रथिनाचे) कण हवेतच. बोडके कणही सिग्नल देत असतील तर तुमचा सिग्नल भलत्याच वाटेने येतोय.

आणि पेशी कुठली? पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ वेगळा केला तो व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर), आणि त्या कामाला व्हेरो उत्तमच. त्यांना टाइप १ इंटरफेरॉन (विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन) बनवता येत नाही. प्रवेशाचा मार्ग ठरवायला मात्र त्या फसव्या. टीएमपीआरएसएस२ (विषाणूचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच कापणारं विकर) जवळपास नसल्याने विषाणू तिथे एंडोसोममार्गे, कॅथेप्सिन एलच्या (एंडोसोममधल्या तशाच विकराच्या) मदतीने जातो. म्हणून क्लोरोक्विन व्हेरोत परिणामकारक दिसलं आणि कॅलू-३ या फुप्फुसाच्या पेशींत फुसकं निघालं. निष्कर्ष लिहिण्याआधी दोन्ही पेशींत कॅमोस्टॅट आणि ई६४डी ही दोन विकररोधकं वेगवेगळी लावून बघा. कॅमोस्टॅटने अडलं तर टीएमपीआरएसएस२, ई६४डीने अडलं तर कॅथेप्सिन.

प्रतिपिंड तपासतानाही वेळ बदलून बघा: एकदा विषाणूत आधी मिसळून, एकदा ४ अंशांना चिकटून झाल्यावर. दुसऱ्या वेळीही रोखत असेल तर तो रिसेप्टरशी होणारी गाठ अडवतोय असं लिहू नका, तो पुढची पायरी अडवत असण्याची शक्यता जास्त.