जंताचं औषध दिलं, तरी मूल रात्री खाजवतंय?

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे हे वाक्य सारखं कानावर येतं: "सिस्टर, औषध दिलं होतं, पण पुन्हा जंत झाले." औषध बहुतेकदा बरोबरच असतं. राहून जातात ती घरातली कामं.

मूल रात्री शीच्या जागी खाजवत चुळबुळ करत असेल, तर बहुधा सूतकृमी. पांढरे, बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारखे. मादी रात्री बाहेर येऊन त्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून शीच्या तपासणीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. त्यापेक्षा मूल उठल्याउठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथल्या कातडीवर हलकेच दाबा, काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबला द्या. दुधी रंगाची पट्टी नको, तिच्यातून अंडी दिसत नाहीत. एका दिवसात सापडली नाहीत तर सलग 3 सकाळी करा. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा.

औषध डॉक्टरांना विचारून, आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायचं. अल्बेंडाझोल 2 वर्षांपुढे सहसा 400 मिलिग्रॅम, 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 200. घरात कोणी गरोदर असेल तर तिचं वेगळं विचारा. लहानग्याला गोळी कुटून पाण्यातून द्या. रडत्या मुलाचं नाक दाबून गोळी ढकलणारे लोक पाहिले की माझा जीव वरखाली होतो. ती श्वासनलिकेत अडकू शकते.

2 आठवड्यांनी दुसरा डोस. नेमका हाच विसरतात! गोळीने जंत मरतात, पण अंड्यांचा भरवसा नाही आणि ती कपड्यांवर, अंथरुणात 2-3 आठवडे तग धरतात. म्हणून रात्री अंगाबरोबर बसणारी चड्डी घाला, सकाळी उठताच आंघोळ घाला, नखं बारीक कापा. चादर झटकू नका, अंडी उडतात. तशीच गुंडाळून गरम पाण्यात टाका.

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, उगाच मुलाला रागावू नका.

शी तेलकट, घाण वासाची आणि पोट सारखं फुगलेलं असेल तर जिआर्डिया (आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) असू शकतो. त्याचं औषध वेगळं, आणि शी एकापेक्षा जास्त दिवसांची तपासावी लागते. मूल फिकट पडलं असेल आणि अनवाणी मातीत खेळत असेल तर अंकुशकृमींचा (मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरून आतड्यात रक्त शोषणारे जंत) विचार करून हिमोग्लोबिन बघा.

उलटीतून जंत पडला, किंवा पोट फुगून शी आणि वारा दोन्ही बंद झाले, तर मोठ्या जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. घरी गोळी देत बसू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.