रुंद चवडा, मोठं पाऊल: स्की टूरिंगचे बूट कसे निवडावेत

“पाय रुंद आहे ना, मग एक नंबर मोठा घ्या.” हा सल्ला देणाऱ्याने स्की टूरिंगचे, म्हणजे स्की लावून बर्फाचा डोंगर चढायचे आणि उतरायचे बूट घालून डोंगर चढलेला नसतो, असं मी खुशाल धरून चालतो. नंबर वाढवला की चवड्याला जरा जागा मिळते, पण टाचही मोकळी सुटते. चढताना ती दर पावलाला वर-खाली घासून फोड आणते आणि उतरताना पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं करते. अडचण रुंदीची असेल तर ती रुंदीतच सोडवायची.

माप संध्याकाळी घ्या, उभं राहून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पावलांचं. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. रोजच्या बुटांच्या नंबरावरून तक्ता बघून काढलेला आकडा बहुतेक वेळा मोठाच निघतो, तो विसरा.

रुंदीच्या आकड्याने मोठ्या पावलाची माणसं उगाच घाबरतात. बुटाच्या माहितीत ‘लास्ट’, म्हणजे चवड्याजवळची आतली रुंदी, 98, 100, 103 मिलिमीटर अशी दिलेली असते. हे माप बहुधा 26.5 नंबरच्या बुटाचं असतं आणि पुढच्या प्रत्येक पूर्ण नंबरामागे ते साधारण 2 मिलिमीटरने वाढतं. म्हणजे 100 लास्टचा बूट 30.5 नंबरात चवड्याला 108च्या आसपास भरतो. तेव्हा पाऊल लांब आहे म्हणून सरसकट सगळ्यात रुंद मॉडेलमागे धावू नका. आधी स्वतःचा चवडा मोजा.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते या टप्प्याने, आणि दुकानात नेमका हाच घाईघाईत उरकला जातो. बुटातलं लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा आणि नुसत्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाऊल घाला. बोटं पुढे जेमतेम टेकली की टाचेमागे टॉर्च मारून बघा. तिथे दीड ते दोन सेंटिमीटर जागा हवी. अडीच दिसली तर बूट मोठा आहे, लायनर घालून कितीही उबदार आणि मऊ वाटला तरी. अर्ध्या नंबराने फारसं काही साधत नाही, कारण बहुतेक कंपन्यांच्या 30 आणि 30.5चं शेल एकच असतं, फरक असतो तो आतल्या तळपट्टीत किंवा लायनरमध्ये. पाऊल 31 सेंटिमीटरचं आणि मॉडेल 30.5लाच संपतंय, तरी लगेच हात टेकू नका. शेलमध्ये टाचेमागे एक सेंटिमीटर उरत असेल, तर लायनर तापवून आणि बोटांपुढचं प्लॅस्टिक थोडं फुगवून, म्हणजे गरम करून बाहेर ताणून, काम भागू शकतं. त्याहून कमी असेल तर मात्र दुसरं मॉडेल शोधा.

शेलमध्येच पाऊल मधोमध ठेवून अंगावरचा पूर्ण भार द्या. चवड्याच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी आणि घोट्याच्या आतल्या हाडाला प्लॅस्टिक टेकतंय का? टेकतं त्या जागी पायाला लिपस्टिक लावा आणि पुन्हा पाऊल घाला. डाग शेलच्या आत उमटतो, आणि फुगवणाऱ्याला तोंडी वर्णनापेक्षा तो डाग जास्त उपयोगी पडतो.

बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या की सगळे म्हणतात, “बूट अरुंद आहे.” पुष्कळदा दोष रुंदीचा नसतोच. पावलाचा वरचा उंचवटा दाबला जातो आणि तिथल्या नसा-रक्तवाहिन्या आवळल्या की बोटं झोपतात. बूट पूर्ण घालून उंचवट्यावरचं बकल तेवढं उघडं ठेवा आणि पंधरा मिनिटं उभे राहा. मुंग्या थांबल्या तर चवडा फुगवून काही होणार नाही. लायनरखालची पट्टी घासून पातळ करायची, म्हणजे पाऊल खाली बसतं. कमान कोलमडून पाऊल पसरत असेल तर आधार देणारी तळपट्टी घाला, त्याने पाऊल किंचित आखूड आणि अरुंद होतं. पण तीच तळपट्टी पाऊल वर उचलते, म्हणून उंचवटा मोठा असेल तर पातळच निवडा.

“वापरून सैल होतील” हे लायनरबद्दल खरं आहे. प्लॅस्टिक वापरून सैल होत नाही.

क्रम मोडू नका: आधी शेल, मग लायनर तापवून पायाच्या आकाराला बसवणं, आणि तरीही लागलं तरच फुगवणं. फुगवलेला बूट कुणी परत घेत नाही. पॉलियुरेथेन सहज फुगतं. टूरिंगच्या हलक्या बुटांतलं ग्रिलामिड आणि पेबॅक्स हे प्लॅस्टिक हट्टी असतं, थंड झाल्यावर थोडं मागे येतं, म्हणून जाणकार हात हवे त्याहून किंचित जास्त ताणतो. कार्बन मिसळलेल्या शेलकडून फार आशा धरू नका. बुटाच्या टोकाला पिन बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट स्कीला पिनांनी पकडणाऱ्या खटक्यासाठी, धातूच्या खाचा असतात. त्यांच्याजवळ कुणालाही हीट गन फिरवू देऊ नका, त्या सैल झाल्या तर बाइंडिंगमधली पकड जाते. तुमची करंगळी नेमकी त्या धातूशेजारीच दबत असेल तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही. कितीही आवडलं तरी.

पायमोजा एकच, पातळ.

पैसे देण्यापूर्वी बुटाच्या टाचेजवळ छापलेली तळव्याची मिलिमीटरमधली लांबी बघा. मोठ्या बुटांत बाइंडिंगचा मागचा भाग तेवढा मागे सरकेलच असं नाही, मग स्कीला नवी भोकं पाडावी लागतात. क्रॅम्पॉनची, म्हणजे कडक बर्फावर चालायला बुटाखाली बांधायच्या लोखंडी दात्यांची, मधली पट्टीही अनेकदा अपुरी पडते. लांब पट्टी वेगळी मिळते, ती बुटांबरोबरच मागवा आणि घरी एकदा बसवून बघा.